बेघरपणा आणि लैंगिक अत्याचार : कोल्हापुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, सीपीआर या सरकारी रुग्णालयाचं आवार, भवानी मंडप, पंचगंगा घाट. रात्री या भागांत उघड्यावर झोपणाऱ्या माणसांमध्ये आम्ही काही जण काम करतो. दुकानदार, रिक्षावाले, तालमीची पोरं, कॉलेजच्या मुली, परिचारिका आणि कधी कधी स्वतः हे सोसलेल्या बायकाही आम्हाला प्रश्न पाठवतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं वाचताना त्रास होऊ शकतो, तेव्हा हवं तेवढंच वाचा.

तातडीची मदत हवी असेल तर: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००.

१. बेघर असणं आणि लैंगिक अत्याचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? तुम्ही त्या एकत्र का मांडता?

रस्त्यावर भेटणाऱ्या बायकांच्या आयुष्यात त्या एकत्रच येतात म्हणून. बऱ्याच जणींनी घर सोडलं ते घरातल्याच कुणाच्या तरी हाताला कंटाळून. कुणाचा बाप होता, कुणाचा काका, कुणाचा दीर, कुणाचा नवरा. बाहेर पडल्यावर दाराला कडी नाही, रात्री लघवीला जायला सुरक्षित जागा नाही, ओळखीचं माणूस नाही. मग तोच प्रकार अनोळखी माणसांकडून होतो.

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. अत्याचार सोसलेल्या माणसाला पुढे घर टिकवणंच अवघड जातं. झोप लागत नाही, कामावर खाडे पडतात, मालकाने आवाज चढवला की काम सुटतं, काम सुटलं की भाडं थकतं. खोलीमालकाने भाड्याच्या बदल्यात दुसरंच काही मागितल्याचंही आम्ही ऐकलं आहे. म्हणजे अत्याचारातून बेघरपणा येतो आणि बेघरपणातून पुन्हा अत्याचार. त्यामुळे निव्वळ छप्पर देऊन भागत नाही आणि निव्वळ समुपदेशनानेही भागत नाही.

२. बेघर म्हणजे नक्की कोण? फूटपाथवर झोपणारेच का?

जनगणनेच्या व्याख्येत इमारतीत किंवा घरात न राहता रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या पाइपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वे फलाटावर राहणारी माणसं येतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशी सुमारे १७.७ लाख माणसं मोजली गेली.

बायका या मोजणीत कमी सापडतात, कारण त्या लपतात. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये रुग्णाची नातेवाईक म्हणून पडून राहतात. स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघत असल्यासारख्या बसून रात्र काढतात. कुणा 'ओळखीच्या' माणसाच्या खोलीवर थांबतात आणि त्याची किंमत मोजतात. आमच्या लेखी या सगळ्या बेघरच. आज रात्री जिथे झोपायचं आहे तिथून कुणीही हाकलू शकतं किंवा तिथे कुणीही अंगावर येऊ शकतं, अशी जागा म्हणजे घर नव्हे.

३. हे खरंच इतकं सर्रास आहे का? आकडे काय सांगतात?

सगळ्यात स्पष्ट आकडे अमेरिकेतले आहेत. तिथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गंभीर मानसिक आजार असलेल्या आणि अधूनमधून बेघर होणाऱ्या ९९ बायका होत्या. त्यांपैकी ९७ टक्के जणींनी आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर शहरातला अभ्यास आला. तिथे बेघर आयांमध्ये गंभीर हिंसेचं प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक निघालं. पण त्याच शहरातल्या, डोक्यावर छप्पर असलेल्या गरीब आयांमध्येही ते ८० टक्क्यांच्या पुढे होतं. हा दुसरा आकडा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. गरीब बाईच्या घरातही हिंसा होती, बेघर झालेल्या बाईकडे ती सोसताना टेकायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

हे आकडे जसेच्या तसे कोल्हापूरला लावू नयेत. आपल्याकडचं चित्र बघायचं तर २००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं आणि ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली होती. ७७ टक्के जणी कुणाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. बोलायला जागा नाही आणि घरात राहवत नाही, अशा अवस्थेत एक दिवस बाई चप्पल घालून बाहेर पडते.

४. कितीही झालं तरी आपलं घर ते आपलं घर. ती परत का जात नाही? आम्ही तिच्या घरच्यांना फोन लावला तर?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि विचारणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. तरी कळकळीने सांगतो, तिला विचारल्याशिवाय फोन लावू नका.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक नोंदींत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. तुम्ही ज्या नंबरवर फोन लावता आहात तो उचलणारा माणूसच कदाचित ती पळून येण्याचं कारण असेल. ती कुठे आहे हे त्याला तुमच्याकडून कळतं. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो, सगळ्यांसमोर रडतो, "आमची मुलगी जरा डोक्याने कमी आहे" म्हणतो आणि घेऊन जातो. आपण पुण्य केलं असं आपल्याला वाटतं.

तिला विचारायचं ते एवढंच: "कुणाला कळवायचं आहे का? कुणाला अजिबात कळायला नको आहे का?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. कधी ती म्हणते आईला सांगा पण दादाला नको, कधी माहेरी सांगा पण सासरी नको. ती सांगेल तेवढंच करायचं. सज्ञान बाईने कुठे राहायचं हे तिनेच ठरवायचं असतं. मुलांबाबत नियम वेगळा आहे (प्रश्न ११), तीव्र मानसिक आजाराबाबतही वेगळा (प्रश्न १२).

५. अत्याचार नवऱ्यानेच केला असेल तर तिला घर सोडावंच लागतं ना?

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये १८ वर्षांवरील पत्नीबाबत नवऱ्याला अपवाद आहे, त्यामुळे बलात्काराचं कलम त्याला लागत नाही. हा अपवाद अन्यायाचा आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचार ही हिंसाच मानली आहे. त्या कायद्याच्या कलम १७ नुसार घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. कलम १९ खाली न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतं किंवा दुसरी राहायची सोय, भाडं द्यायला लावू शकतं. अर्ज करायला या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. वकील मोफत मिळतो, कारण विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला उत्पन्नाची अट नाही. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. रस्त्यावर येण्याआधीच हे तिच्या कानावर पडलं, तर एक बेघरपणा टळतो.

६. आमच्या गल्लीत एक बाई फिरते. अंगाला वास येतो, भर उन्हात तीन-तीन साड्या गुंडाळते, जवळ गेलं की शिव्या देते. ही वेडी की अत्याचार सोसलेली?

दुरून बघून कुणीच सांगू शकत नाही, आम्हीही नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यातल्या प्रत्येक गोष्टीला शहाणपणाचं कारण असू शकतं. अंगावर जास्त कपडे असले की ते काढायला वेळ लागतो. वास आला की माणूस लांब राहतो. शिव्या दिल्या की चारचौघांचं लक्ष जातं आणि जवळ येणारा बिचकतो. ज्या बाईकडे कडी-कोयंडा नाही तिने आपल्या अंगालाच कुंपण घातलेलं असतं. तिला जबरदस्तीने आंघोळ घालून, केस कापून, स्वच्छ साडी नेसवून त्याचे फोटो काढणारे उत्साही लोक असतात. तिचं कुंपण आपण तोडतोय हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

दिवसा झोपणं आणि रात्री टक्क जागं राहणं, गाठोड्याला कुणी हात लावला की बिथरणं, पुरुषाचा आवाज मागून आला की दचकणं, बोलता बोलता नजर शून्यात जाणं, हेही दिसतं. हकीकत तुटक असते. आज एक सांगते, चार दिवसांनी क्रम बदलतो. लोक म्हणतात खोटं बोलते. भीतीने गोठलेल्या अवस्थेत आठवणी क्रमाने साठतच नाहीत. एखादा वास, एखादा आवाज लख्ख आठवतो आणि तारीख, वेळ हरवते. त्या वेळी तिने आरडाओरडा का केला नाही, याचंही उत्तर तेच. हातपाय हलवायचे ठरवूनही हलत नाहीत, असं होतं.

काहींना याच्या जोडीला मानसिक आजारही असतो. एक आहे म्हणून दुसरं नसेल असं नाही.

७. यातल्या कितीतरी जणी दारू पितात, तंबाखू-मिश्री लावतात, मुलं सोल्युशन हुंगतात. व्यसनापायीच ही वेळ आली असेल ना?

कधी व्यसन आधी असतं. पण आम्हाला जास्त वेळा उलटं दिसतं. थंडीत, भीतीत, भुकेत झोप यावी म्हणून सुरू झालेलं ते असतं. "आधी दारू सोड, मग निवारा" ही अट घातली की ती बाई दोन्हीकडून सुटते. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये आधी घर, मग बाकीचं अशी पद्धत सुरू केली. पुढे कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांबरोबर ती तपासली, तेव्हा अशी मिळालेली घरं माणसं टिकवतात हे दिसून आलं.

८. काल रात्रीच प्रकार घडलाय. आत्ता नेमकं काय करायचं?

ती सुरक्षित जागी आहे ना, हे आधी. मग दवाखाना. पोलीस ठाणं नंतर आलं तरी चालेल, कारण औषधांना वेळेचं बंधन आहे. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळीही पहिल्या ७२ तासांत जास्त उपयोगी पडते. १२० तासांपर्यंत ती देता येते, पण परिणाम कमी होत जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे पुरावे ९६ तासांपर्यंत घेता येतात.

शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. आंघोळ झाली असेल तरी जावंच. उशीर झाला, आता काय उपयोग, असं म्हणून घरी बसवू नका.

कोल्हापुरात टाऊन हॉलसमोरचं सीपीआर रुग्णालय रात्रभर उघडं असतं. पण कायदा फक्त सरकारी दवाखान्याला बांधत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत प्रथमोपचार वा उपचार करायचे आहेत. नकार देणं हा न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी एफआयआर आणा" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. तपासणीला तिची संमती लागते. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की ती कुणी करू नये. कुणी करू लागलं तर तिने नाही म्हणायचं, आणि सोबत असाल तर तुम्हीही म्हणायचं.

९. तिला पोलिसांत जायचंच नाही. मग दवाखान्यात नेऊन उपयोग काय?

खूप उपयोग. सज्ञान बाई फक्त उपचार घेऊ शकते. रुग्णालय पोलिसांना कळवतं. तक्रार द्यायची नाही असं ती सांगू शकते आणि २०१४ च्या सूचनांनुसार तो नकार कागदावर नोंदवला जातो. नकार दिला म्हणून औषधं अडवता येत नाहीत. पुरावे घेऊन ठेवले असले आणि पुढे तिचा विचार बदलला, तर वाट उघडी राहते.

रस्त्यावरच्या बाईला पोलिसांची भीती का वाटते, हेही समजून घ्या. मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध कायदा १९५९ साली झाला आणि महाराष्ट्रात तो आजही लागू आहे. त्यात उदरनिर्वाहाचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणंसुद्धा 'भीक मागणं' ठरू शकतं. वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवलं जाऊ शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे या कायद्यातली शिक्षेची कलमं रद्द केली, आपल्याकडे नाही. तक्रार द्यायला गेलेली बाई स्वतःच आत जाईल ही भीती हवेतली नाही. म्हणून सोबत कुणीतरी जावं.

१०. तिच्याकडे आधार कार्ड नाही, पत्ता नाही. तक्रार घेतील का?

घ्यावीच लागते. गुन्हा नोंदवायला ओळखपत्राची किंवा कायमच्या पत्त्याची अट नाही. ती जिथे झोपते ती जागा लिहिता येते. गुन्हा जुना राजवाडा हद्दीत घडला आणि तुम्ही शाहूपुरी ठाण्यात पोचलात तरी झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवायची तक्रार) घेणं बंधनकारक आहे. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तिला अपंगत्व किंवा मानसिक अपंगत्व असेल तर तिच्या सोयीच्या जागी, समजावून सांगणाऱ्या व्यक्तीसह आणि चित्रीकरण करून तो घेतला जातो. बलात्काराची तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे.

राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. ही योजना २०१३ मध्ये सुरू झाली, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. अडतं ते बहुतेक वेळा बँक खात्यापाशी. त्यासाठी आधी प्राधिकरणाच्या वकिलाला भेटा. एखाद्या 'भल्या' माणसाच्या खात्यावर पैसे घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

११. स्टँडवर एकटं लहान मूल दिसलं, किंवा मुलीने सांगितलं की घरी काका त्रास देतो म्हणून पळून आले. घरी सोडून येऊ का?

नाही. अठराच्या आतल्या मुलांबाबत 'त्याची इच्छा असेल तर कळवू' ही सूट आपल्याला नाही. पालकांपासून सुटलेलं मूल दिसलं तर बाल न्याय कायदा २०१५ नुसार २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ला फोन करा. मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे जातं आणि त्याला कुठे ठेवायचं हे समिती ठरवते. लैंगिक अत्याचाराची शंका जरी असली तरी पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे.

समितीपुढे घरातल्या त्रासाची गोष्ट स्पष्ट शब्दांत पोचली पाहिजे. ती पोचली नाही तर कागद पूर्ण करून मूल त्याच घरात परत जातं. म्हणून १०९८ वर बोलताना "मूल हरवलंय" एवढंच सांगू नका, मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत सांगा. मात्र खोदून खोदून विचारू नका. एकच हकीकत दहा जणांना सांगायला लागणं हीसुद्धा इजाच आहे.

पॉक्सो मुलगे आणि मुली दोघांनाही सारखाच लागू आहे.

१२. बाई मानसिक आजारी आहे, भान नाही आणि बहुधा गरोदर आहे. तिच्या वतीने कोण ठरवणार?

आमच्याकडे येणाऱ्यांतला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, म्हणून सावकाश वाचा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना दिसली तर ठाणे अंमलदाराने तिला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आणि कोठडीत ठेवायचं नाही. उपचार मोफत आहेत, बेघर व्यक्तीला रेशन कार्ड दाखवायची गरज नाही. कोल्हापुरात सुरुवात सीपीआरपासून होते. आपल्याला जवळचं शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे.

हाच कायदा पुढे म्हणतो की हरवल्याची नोंद करून पोलिसांनी कुटुंबाचा शोध घ्यावा. इथे प्रश्न ४ मधली भीती परत उभी राहते. कुटुंब सापडलं आणि घरातच अत्याचार झाला असेल तर? थोडं भान आल्यावर तिने घराबद्दल भीती दाखवली असेल तर ते डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या, तोंडी सांगून सोडू नका. कलम १४ नुसार ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असं नाही, कुणीही सज्ञान विश्वासू व्यक्ती चालते. आणि घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्या कारणावरून तिला आयुष्यभर रुग्णालयात ठेवता येत नाही. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने बऱ्या झालेल्या बायकांसाठी वस्तीतली साधी भाड्याची घरं उभी केली. रुग्णालय आणि रस्ता यांच्या मधली ही जागा आपल्याकडे फार कमी आहे.

गर्भपाताबाबत: २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत पाडता येतो, २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. सज्ञान, भानावर असलेल्या बाईची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही मागणं चूक आहे. मानसिक आजारी किंवा अल्पवयीन असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि पालकच संशयित किंवा बेपत्ता असेल तर विधी सेवा प्राधिकरण, न्यायालय यांच्याकडे त्याच दिवशी जावं लागतं. रस्त्यावरच्या बाईचं गरोदरपण उशिरा कळतं, त्यामुळे एकेक दिवस मोलाचा असतो.

१३. मुलग्यांवर, पुरुषांवर, तृतीयपंथीयांवरही हे होतं का?

होतं. हॉटेलात, गॅरेजमध्ये, ट्रकवर काम करून तिथेच झोपणारी पोरं याला बळी पडतात आणि 'पोरगाच तर आहे' म्हणून कुणी विचारत नाही. अठराच्या आत पॉक्सो आहे (प्रश्न ११). सज्ञान पुरुषासाठी कायद्यात मोठी फट आहे. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ गेलं, पण त्या जागी पुरुषावरच्या बलात्काराचं कलम आलं नाही. मारहाण, दुखापत, डांबून ठेवणं यांची कलमं लागतात. तृतीयपंथी व्यक्तींवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं इतकीच शिक्षा आहे. त्यांच्यातल्या अनेकांना घरातून काढलेलंच असतं, आणि निवारा केंद्राच्या दारात 'पुरुषांकडे की बायकांकडे' हा प्रश्न उभा राहतो. त्यांनाच विचारा, त्या सांगतील. दवाखान्यातले उपचार मात्र सगळ्यांना तेच आणि तितकेच लागतात.

१४. ऊसतोडीला आलेल्या बायकांना बेघर म्हणायचं का? त्यांना तर काम आहे, मुकादम आहे.

हंगामात बीड आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून जोडपी येतात, फडाजवळ कोपी बांधतात. कोपीला दार नसतं, जवळ संडास नसतो. पहाटे अंधारात फडात उतरायचं. धोका रस्त्यावरच्यासारखाच, आणि वर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. मुकादमाविरुद्ध बोललं तर उचल फेडेपर्यंत सुटका नाही, ही भीती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित कामगारालाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. बलात्कार असेल तर थेट प्रश्न ८.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळ भागातली कुटुंबं छावण्यांत राहिली. थोड्या दिवसांचं असलं तरी तेही बेघरपणच. छावणी उभी करणाऱ्या मंडळांना आमचं सांगणं एकच: बायकांचे संडास वेगळे, उजेडात आणि आतून कडीचे हवेत. धान्याचे ट्रक आपोआप येतात, कडी मात्र मागावी लागते.

१५. निवारा केंद्र असताना बायका तिकडे का जात नाहीत?

काही जणी जातात, टिकतात, सावरतात. बाकीच्यांच्या अडचणी ऐका. दार नऊला बंद होतं आणि धुण्याभांड्याचं काम दहाला सुटतं. वाढत्या वयाचा मुलगा बरोबर असेल तर त्याला घेत नाहीत. एकाच इमारतीत पुरुष आणि बायका, मध्ये फक्त पार्टिशन. रात्रीचा रखवालदार पुरुष. ज्या बाईला बंद खोलीत अत्याचार सोसावा लागला, तिला बाहेरून कुलूप लागणारी खोली रस्त्यापेक्षा भयंकर वाटते.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची कायमची, चोवीस तास उघडी सोय हवी आणि माणशी ५० चौरस फूट जागा हवी. २०११ मध्ये कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. हिशेब ज्याचा त्याने करावा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मागोमाग इतर समाजांची निघाली आणि या गावाला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. शिकायला आलेल्या पोराला रात्री टेकायला जागा पाहिजे, हे ज्या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलं, त्या गावात बाईला स्टँडच्या बाकड्यावर बसून उजाडण्याची वाट बघावी लागू नये.

तातडीच्या चार-पाच दिवसांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे. १८१ वरून तिथे पोचता येतं. जास्त काळासाठी शक्ती सदनसारखी निवासगृहं आहेत. जागा आतून कशी आहे हे तिला आधी दाखवा, मग तिला ठरवू द्या.

१६. तिचा फोटो किंवा व्हिडिओ टाकला तर मदत लवकर मिळेल का?

टाकू नका. अत्याचारित व्यक्तीची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. चेहरा धूसर केला तरी साडी, गल्ली, गाठोडं ओळखू येतं. ज्याच्यापासून ती लपली आहे त्याच्याही मोबाइलवर तो व्हिडिओ जातो (प्रश्न ४). देवळाच्या आसपास नवरात्रात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत सापडलेल्या माणसांचे असे व्हिडिओ फार फिरतात. त्याऐवजी ११२ वर कळवा.

१७. मी समाजसेविका नाही, साधी शेजारीण आहे. मी काय करू शकते?

तिच्यासमोर उभं राहून वाकू नका. थोडं अंतर ठेवून तिच्या पातळीला बसा. आपलं नाव सांगा. "मावशी" म्हणा, "आक्का" म्हणा, जे तोंडात बसेल ते. अंगाला हात लावू नका, डोक्यावरून मायेनेही नाही, तिने पुढे केला तर गोष्ट वेगळी. "काय झालं?" पेक्षा "आत्ता काय पाहिजे?" हा प्रश्न बरा. उत्तर बहुतेक वेळा साधं असतं: चहा, पॅड, चप्पल, मोबाइल चार्ज करून देणं, लघवीला जाईपर्यंत गाठोड्याकडे बघणं. हॉटेलवाल्याने रात्री आपला संडास वापरू दिला तरी एका बाईची रात्र बदलते. जे जमणार नाही ते कबूल करू नका. उद्या येते म्हणालात तर उद्या या.

तिने स्वतः सांगितलं तर "माझा विश्वास आहे" आणि "तुझी चूक नाही" एवढं बोललं तरी पुरेसं. तुम्ही असतात तर काय केलं असतं, हे सांगू नका.

१८. सगळं करून पाहिलं, तरी ती 'नको' म्हणते. मग?

मग आज नको. जिवाला तातडीचा धोका असेल, अल्पवयीन असेल किंवा भानच नसेल तर प्रश्न ८, ११ आणि १२ मधलं करायचंच. इतर वेळी तिचा नकार हा नकारच धरायचा. तिच्या नकाराला आजवर कुणी किंमत दिली नाही, हेच तर तिच्या बाबतीत घडलेलं असतं. आपण मदतीच्या नावाखाली तिला ओढून नेलं तर आपणही त्याच रांगेत जाऊन उभे राहतो. चिठ्ठीवर १८१ लिहून द्या, वाचता येत नसेल तर आकडे तोंडपाठ करून घ्या, जवळच्या टपरीवाल्याला सांगून ठेवा की तिने मागितला तर फोन लावून दे. परवा पुन्हा जा. तिसऱ्या-चौथ्या वेळी, कधी कधी महिन्यांनी, ती स्वतःहून विचारते की ती जागा कुठे आहे म्हणाली होतीस, आणि तिथे आतून कडी आहे का.